बिटकॉइन वॉलेट रिकामी करणारा 'रँडम नंबर': 2023 मध्ये नेमकं काय घडलं होतं?

जुलै 2023 मध्ये काही बिटकॉइन वॉलेटमधले पैसे अचानक गायब झाले. वॉलेटच्या मालकांनी कुणाला पासवर्ड सांगितला नव्हता, फसव्या लिंकवर क्लिकही केलं नव्हतं. तरीही सुमारे 9 लाख डॉलरची चोरी झाली. कारण होतं, सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा निवडलेला रँडम नंबर जनरेटर.

चूक कुठे झाली?

वॉलेटची किल्ली म्हणजे एक अवाढव्य आकडा, जवळपास 78 अंकी. तो कुणालाही ओळखता येऊ नये, यावरच सगळी सुरक्षा अवलंबून असते.

'लिबबिटकॉइन एक्सप्लोरर' या सॉफ्टवेअरच्या 3.x आवृत्त्या हा आकडा 'मर्सेन ट्विस्टर' पद्धतीने तयार करत होत्या. या पद्धतीला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला 'सीड' म्हणतात. सीड तोच असेल, तर पुढचे सगळे आकडेही तेच येतात.

इथे सीड होता कॉम्प्युटरच्या घड्याळातली वेळ, तीही फक्त 32 बिटची. म्हणजे किल्ली कितीही लांबलचक दिसली, तरी शक्यता उरल्या सुमारे 429 कोटी. साधा गेमिंग कॉम्प्युटर काही दिवसांत त्या सगळ्या तपासू शकतो.

वेळ शून्य धरली, तर वॉलेटच्या गुप्त शब्दांची सुरुवात 'मिल्क सॅड' अशी होते. म्हणून संशोधकांनी या त्रुटीला तेच नाव दिलं.

मग मर्सेन ट्विस्टर वाईट आहे का?

नाही. जपानच्या माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांची ही पद्धत वेगवान आहे. गेममधला फासा किंवा सिम्युलेशनसाठी ती चांगलीच आहे. पण तिचे सलग 624 आकडे मिळाले, की पुढचे सगळे सांगता येतात.

कुठे काय वापरायचं?

ओटीपी, पासवर्ड, लॉगिन टोकन, वॉलेट, म्हणजे जिथे अंदाज बांधून कुणाचा तरी फायदा होऊ शकतो, तिथे सुरक्षित जनरेटरच हवा. पायथॉनमध्ये 'रँडम'ऐवजी 'सिक्रेट्स', जावामध्ये 'सिक्युअर रँडम', जावास्क्रिप्टमध्ये 'मॅथ.रँडम'ऐवजी 'क्रिप्टो'. हे सगळे पर्याय आधीपासून उपलब्ध आहेत, फुकटही आहेत.

अडचण अशी की दोन्ही प्रकारचे आकडे दिसायला सारखेच असतात. त्यामुळे चूक टेस्टिंगमध्ये सहसा पकडली जात नाही आणि युजरला तर कळतच नाही.

शिवाय नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून भागत नाही, कारण जुनी किल्ली कच्चीच राहते. नवीन वॉलेट काढून पैसे तिकडे हलवणं, एवढाच उपाय उरतो.