वीज स्टार्टअपचा प्रयोग गावच्या डीपीपर्यंत येणार का?

नांदेड/लातूर : रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते, डीपी जळाली. हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन टायमाला एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी बंद. मग वर्गणी जमा करा, ट्रॅक्टर लावा, दुसरी डीपी कधी मिळते याची वाट बघा.

ही अडचण अगोदर ओळखणारी यंत्रं बनवणारे तरुण उद्योजक देशात आहेत. डीपीचं तापमान, तेलाची पातळी, लोड मोजून मोबाईलवर इशारा देता येतो. प्रश्न आहे तो वीज कंपनीच्या दारात त्यांना उभं कोण करणार.

अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे काय?

नव्या कंपनीकडे युक्ती असते, गिऱ्हाईक नसतं. वीज कंपनीकडे लाखो ग्राहक असतात, पण नवं करून बघायला सवड नसते. दोघांना काही महिने एकत्र बसवून खऱ्या लाईनवर चाचणी घ्यायची आणि जमलं तर पुढचं काम द्यायचं, हा या कार्यक्रमांचा गाभा. 2017 मध्ये सिंगापूर, दुबई, टोकियो, आयर्लंड, पोर्तुगाल इथल्या वीज कंपन्यांनी मिळून 'फ्री इलेक्ट्रॉन्स' नावाने असा कार्यक्रम सुरू केला. दिल्लीत टाटा पॉवरच्या सहभागातून 2018 मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी केंद्र उभं राहिलं.

आपल्या राज्यात नाविन्यता सोसायटी 2018 पासून स्टार्टअप सप्ताह घेते. त्यात निवडलेल्या 24 स्टार्टअपना सरकारी खात्यांत प्रयोग करण्यासाठी सुरुवातीला 15 लाखांपर्यंतचे कार्यादेश ठेवले गेले. रस्ता चांगला आहे. पण प्रयोग संपला की पुढं काय, इथंच गाडी अडते. मोठ्या निविदेत अनुभव आणि उलाढाल विचारली की नवी पोरं मागं पडतात.

शेतकऱ्याचा संबंध कुठं?

एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे, योजना मार्च 2029 पर्यंतची. म्हणजे बिलाचा प्रश्न तूर्त मिटला, पण पुरवठ्याचा नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची आहे. मात्र वीज दिवसा मिळाली तरी ती जुन्याच लाईनवरून, जुन्याच डीपीतून येणार.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकरी 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी 5 टक्के पैसे भरतात. दुरुस्तीची हमी 5 वर्षांची. पंप बंद पडला तर लाईनमनचा संबंध नाही, पंप बसवणाऱ्या कंपनीला फोन लावायचा. सौरपंपावर दूरून नजर ठेवणारी यंत्रणा असावी, असा केंद्राचा नियमही आहे. तरी वादळानं पत्रे हलले, कंट्रोलर गेला, तर माणूस यायला हवाच. स्क्रीनवर लाल दिवा लागल्यानं पिकाला पाणी मिळत नाही.

काय व्हायला पाहिजे?

एक, प्रयोग पुण्या-मुंबईत नको; कंधार, मुखेड, औसा, निलंग्याच्या शेतीफिडरवर आणि तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या लोडाच्या दिवसांत व्हावा. उन्हाळ्यात रिकाम्या फिडरवर कोणतंही यंत्र पासच होतं.

दोन, निकाल 'किती यंत्रं बसवली' यावर नको. डीपी किंवा पंप किती दिवस बंद राहिला, ते मोजावं.

तीन, तालुक्याच्या आयटीआयमधून निघालेल्या पोरांना दुरुस्तीचं काम मिळावं. इशारा आल्यावर दोन दिवसांत हात लावणारा माणूस तालुक्यातच असेल, तरच त्या इशाऱ्याला किंमत.

चार, इशारा फक्त कंपनीच्या कार्यालयात नको. डीपीवरच्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवरही मराठीत यावा.

महावितरणची नांदेड आणि लातूर ही दोन्ही परिमंडळं अशा प्रयोगासाठी जागा देऊ शकतात. तंत्रज्ञान आहे, अडचण रोज समोर आहे. दोघांची गाठ शेताच्या बांधावर पडली, तरच या कार्यक्रमांना अर्थ. नाहीतर शहरात फोटो निघतील, अन् इकडं ट्रॅक्टरसाठी वर्गणी सुरूच राहील.