पोटातल्या बाळाचं वजन

गर्भातलं बाळ काट्यावर घालता येत नाही. त्याचं वजन मापांवरून ताडावं लागतं. जुनी रीत मोजपट्टीची. जघनास्थीपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, डोकं अजून कटिरात उतरलं नसेल तर त्यातून 12 वजा करायचे आणि बाकीला 155ने गुणायचं. उंची 32 भरली तर वजन 3100 ग्रॅम. हे जॉन्सनचं सूत्र. माटुंग्यातल्या सोनोग्राफी केंद्रात हेच काम यंत्र करतं: डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी हॅडलॉकच्या सूत्रात बसवून. यांत पोटाचा घेर सर्वांत बोलका, कारण पोषण तुटलं की यकृतातला साठा आटतो आणि पोट मागे पडतं. तरीही अंदाज 10 ते 15 टक्के चुकू शकतो. रिपोर्टात तीन किलो लिहिलेलं बाळ साडेतीनच्या जवळ किंवा जेमतेम अडीचच्या वर निघतं. म्हणून एका आकड्यावर घरात पेढे किंवा काळजी वाटण्यात अर्थ नाही. ठरावीक अंतरानं घेतलेल्या मापांतली वाढ अधिक सांगते. पुण्याच्या केईएममधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात गावाकडची बाळं सरासरी 2.7 किलोंच्या आसपास भरली. ब्रिटिश बाळांहून हलकी, पण चरबी राखून असलेली. 2500 ग्रॅमखालचं बाळ कमी वजनाचं मानलं जातं. अशा बाळांना आईचं दूध मिळावं म्हणून माटुंग्याशेजारच्या शीव रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्धपेढी आहे. आशियातली ती पहिली.