कचारगड : भिंती नसलेले ठाणे

सहल म्हटली की आपल्याला महाबळेश्वर आठवते, गोवा आठवतो. टीव्हीवर दिसणारी लांबची बेटे तर खिशाला परवडतच नाहीत, म्हणून आपण घरीच बसतो. पण आपल्या विदर्भाच्या टोकाला, जिथे महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश आणि छत्तीसगड सुरू होतात, तिथे कचारगड आहे. जाणे सोपे, खर्च थोडा आणि शिकण्यासारखे पुष्कळ. म्हणून या वेळी आम्ही वाचकांना तिकडे नेत आहोत.

गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके लागतात. तिथून डोंगराच्या पायथ्याचे धनेगाव गाठायचे. पुढे साग, बांबू आणि मोहाच्या जंगलातून चढण. दम लागतो, पण लहान मुलेही चढतात. वर गेल्यावर डोंगराच्या पोटातली प्रचंड गुहा समोर येते. छताला भोक आहे, त्यातून उजेड खाली उतरतो. आत पाऊल टाकले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

आमच्या धाकटीने विचारले, "इथे देऊळ कुठे बांधले आहे?" प्रश्न लहान, पण आम्हाला विचारात पाडून गेला. गोंड राजांना बांधता येत नव्हते काय? चंद्रपूरचा भक्कम परकोट त्यांचाच. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवले तेही देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजाने. तरी या समाजाने आपले सर्वांत मोठे श्रद्धास्थान मानले ते निसर्गाने घडवलेल्या गुहेला! डोंगर हेच ठाणे, झाड हीच कमान.

गोंडांची परंपरा सांगते, की माता कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडावर मोठी शिळा लावली होती. माता जंगो रायताडने त्यांच्यासाठी जीव टाकला. पारी कुपार लिंगो यांच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर या वादकाने संगीताच्या बळावर मुलांना जागे केले, शिळा हलली, मुले सुटली. पण तो वादक मात्र त्याच शिळेखाली गेला. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी जीव देणाऱ्या कलावंताची आठवण हा समाज आजही ठेवतो.

पुढे लिंगोंनी समाजाची ७५० कुळे बांधली आणि प्रत्येक कुळाला एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड राखायला दिले, असे मानतात. हिशेब करा, २,२५० जीव झाले. पर्यावरणाचा धडा पुस्तकात येण्याआधी तो यांच्या आडनावात होता!

माघ पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा अशा दूरच्या मुलखांतून लोक शिदोरी बांधून येतात. सातरंगी झेंडे, ढोल आणि जिकडेतिकडे "जय सेवा". जत्रेत गोंडीतली पुस्तकेही विकली जातात. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी लिपी तयार केली. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी आयुष्यभर या भाषेचा आणि संस्कृतीचा शोध घेतला. ज्यांचा इतिहास नेहमी दुसऱ्यांनी लिहिला, त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दरेकसाजवळच हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात तो भरून कोसळतो. तेव्हा मुलांना पाण्याजवळ एकटे सोडू नका.

एक विनंती. कचारगडला पिकनिक समजून जाऊ नका. ते कुणाचे तरी मूळघर आहे. दुसऱ्याच्या घरात आपण जसे वागतो तसे वागा. गुहेत आरडाओरडा नको, दगडावर नाव कोरणे नको, प्लास्टिक परत पिशवीत आणा. भेटलेल्या माणसाला "जय सेवा" म्हणा. चार शब्द विचारा, ऐका. मुलांना डोंगर तर दिसेलच, पण डोंगर जपणारी माणसेही दिसू द्या.