बायोलॉजी घेतली म्हणून गणित सोडायचं का?

दहावीचा निकाल लागला की आपल्या सोलापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, पोरीला डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला?" नीटला गणिताचा पेपर नसतो, हे खरं. पण माझं स्पष्ट मत आहे की, एवढ्या एका कारणासाठी गणित सोडायला लावू नका. आजार समजून घ्यायलाही गणित लागतं. एक उदाहरण बघा.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच हातापायांच्या नसांवर हल्ला करते. कुंपणानंच शेत खावं, तसं. असाच हल्ला मेंदू आणि मेरुरज्जूवर होतो, त्या आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस म्हणतात. त्यात चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. नजर अंधूक होते, पायातलं बळ जातं. बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांनी बरं वाटतं आणि पुढे कधीतरी पुन्हा झटका येतो. असं का?

शरीरात हल्ला करणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. वर्गात हा खेळ करून बघा. हल्लेखोर 14, आवरणारे 10 घ्या. दोघांची समतोल संख्या 10. नियम दोनच. पहिला, हल्लेखोर 10 पेक्षा जेवढे जास्त, तेवढे आवरणारे वाढवा. कमी असतील तर तेवढे घटवा. दुसरा, आता आवरणारे 10 पेक्षा जेवढे जास्त, तेवढे हल्लेखोर घटवा. कमी असतील तर तेवढे वाढवा. फेरीगणिक हल्लेखोर असे येतात: 14, 10, 6, 6, 10, 14, 14. आवरणारे येतात: 10, 14, 14, 10, 6, 6, 10. सहा फेऱ्यांत गाडी पुन्हा मूळ जागी!

हे आकडे वर्गापुरते, रुग्णाचे नव्हेत. पण नुसत्या बेरीज-वजाबाकीतून मुलांना कळतं की, आजार ओसरणं आणि उलटणं एकाच नियमातून घडू शकतं. बरं वाटलं म्हणजे आजार गेला, असं नाही. संशोधक हेच समीकरणांनी करतात आणि काही मॉडेलमध्ये मेंदूच्या कायमच्या इजेचा हिशेबही वेगळा ठेवतात. कारण झटका ओसरला तरी झालेली इजा सगळी भरून येतेच असं नाही. म्हणून तर बरं वाटत असतानाही औषध चालू ठेवावं लागतं.

ही वाट नवी नाही. 1927 साली केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीच्या रोगांची समीकरणं मांडली आणि ती 1905-06 च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिली. यातले मॅकेंड्रिक स्वतः डॉक्टर होते, भारतात नोकरी केलेले!

तेव्हा पालकहो, मुलीला झेपत असेल आणि आवड असेल, तर अकरावीला बायोलॉजीसोबत गणितही राहू द्या. आणि शिक्षक मित्रांनो, "सर, याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं, तर फळ्यावर 14 आणि 10 लिहा. पुढचं मुलं करतील.