बारा दिवसांची राजवट आणि हेक्टरी आठ हजार



ऑक्टोबर २०१९ चे शेवटचे दिवस आठवा. वेचणीला आलेला कापूस बोंडातच भिजला, कुठे सरकीला झाडावरच मोड आले. सोंगून ठेवलेली बाजरी काळी पडली. जिथे रब्बी ज्वारी पेरायची राहिली होती, तिथे वाफसा येईना. आपण बांधावर उभे राहून पंचनाम्याची वाट पाहत होतो आणि नेमके त्याच वेळी राज्याला सरकार नव्हते.

निकाल २४ ऑक्टोबरला लागले होते. ८ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. १२ नोव्हेंबरला घटनेच्या कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवट आली. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली : खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपये, फळबागांना १८,००० रुपये, दोन्हींना मर्यादा दोन हेक्टरची. म्हणजे खरिपासाठी एकरी सुमारे ३,२४० रुपये. कोरडवाहू पिकांसाठी त्या वेळी आपत्ती निवारणाचा दर हेक्टरी ६,८०० होता, त्यापेक्षा ही रक्कम जास्त होती, हे आम्ही मान्य करतो. पण बी, खत, फवारणी आणि खुरपणीचा खर्च ज्याने त्याने आपल्या वहीत मांडावा आणि ३,२४० त्याच्या शेजारी लिहून पाहावेत.

आमचा मुद्दा आकड्याच्या पुढचा आहे. हा आकडा कमी आहे, असे सांगायचे कोणाला? २८८ आमदार निवडून आले होते, पण त्यांचा शपथविधीही झाला नव्हता. प्रश्न विचारायला सभागृह नव्हते, उत्तर द्यायला मंत्री नव्हता. अशा वेळी विधानसभेचे अधिकार संसदेकडे जातात आणि कारभार राज्यपालांच्या हाती येतो. शेती हा राज्याचा विषय. राज्याचे दार बंद झाले की शेतकऱ्याने दिल्लीचे दार ठोठवायचे, असा त्याचा अर्थ होतो.

घटनेत आणीबाणीच्या तीन वाटा आहेत. कलम ३५२ देशाच्या आणीबाणीचे. ती १९६२, १९७१ आणि १९७५ अशी तीनदा लागली. कलम ३६० आर्थिक आणीबाणीचे. ते आजवर कधीच वापरलेले नाही. तिसरे कलम ३५६, ज्याने राज्य सरकार बाजूला सारता येते. ही कलमे कागदावरच राहावीत, वापरायची पाळी येऊ नये, अशी आशा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत व्यक्त केली होती. तसे झाले नाही. १९७७ साली जनता पक्षाच्या केंद्र सरकारने नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारे घालवली. १९८० साली इंदिरा गांधींच्या सरकारने नऊ विधानसभा बरखास्त केल्या, त्यात आपला महाराष्ट्रही होता. या बाबतीत कोणत्याच झेंड्याने दुसऱ्याला नावे ठेवू नयेत.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. कपाशीत एक अळी दिसली म्हणून पंप पाठीवर घेऊ नका, आधी झाडे मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा, हे वर्षानुवर्षे सांगत आलो. औषध वाईट नसते. पातळी न मोजता मारलेले औषध शेत बिघडवते. घटनेतल्या या अधिकारांचेही तसेच आहे. १९७५ साली ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या सैल शब्दांवर देश बंद करता आला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तिथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला आणि संसदेची मंजुरी एका महिन्यात, विशेष बहुमताने घेण्याचे बंधन घातले. कलम ३५६ ची पातळी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात बांधून दिली : बहुमत आहे की नाही हे सभागृहात मोजायचे, राजभवनात नव्हे.

२०१९ चा हिशेब या मापाने पाहा. तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला १२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंत मुदत होती. त्या पक्षाने आणखी वेळ मागितला आणि मुदत संपण्याआधीच, संध्याकाळी, राजवट लागली. ती उठली २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी. मंत्रिमंडळाची बैठकही झाली नाही. पंतप्रधानांना असलेल्या विशेष अधिकाराच्या नियमाने काम भागवले. शेवटी न्यायालयाने सभागृहात मोजणी करायला सांगितले, आणि मोजणी होण्याआधीच नवे मुख्यमंत्री पायउतार झाले. सत्तेसाठी पहाटे पावणेसहाला कागद हलतो. आपल्या पंचनाम्याचा कागद मात्र भर दुपारीही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना अडखळतो.

म्हणून संगमनेरच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, पीक नुकसानीच्या मदतीचा दर, तो दरवर्षी वाढवण्याची रीत आणि पैसे खात्यात पडण्याची मुदत कायद्यात लिहा. खुर्चीत मुख्यमंत्री असो की राज्यपाल, शेतकऱ्याला तारीख कळली पाहिजे. दुसरी, राष्ट्रपती राजवटीत मदतीचा निर्णय घेताना जिल्ह्याच्या ठिकाणी उघड सुनावणी घ्या. तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपणच करायची आहे. कलम ३५६ ने विधानसभा थांबते, ग्रामसभा थांबत नाही. पंचनाम्याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. नाव गळाले असेल, क्षेत्र कमी लागले असेल, पीक चुकीचे लिहिले असेल, तर तिथेच हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

बैठकीला येताना २०१९ चा आपला पंचनामा आणि बँकेचे पुस्तक घेऊन या. किती लिहिले, किती आले आणि कधी आले, हे आपण गाववार मांडू. मुंबईत कोणाचे सरकार येते-जाते ते आपल्या हातात थोडेच असते. आपला हिशेब मात्र आपल्याच हातात आहे.