परवाना अठराव्या वर्षी, वाहन सोळाव्या वर्षी

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्याच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि तिच्यावरून देशभर संताप उसळला. संताप रास्तच होता. परंतु त्या गदारोळात अल्पवयीन चालक हा धनिकांच्या लाडावलेल्या पोरांचा प्रश्न आहे, अशी सोयीस्कर समजूत मध्यमवर्गाने करून घेतली. सायंकाळी एखाद्या शिकवणीवर्गाच्या दारात उभे राहिले तरी ही समजूत टिकत नाही. तेथे रांगेने लावलेल्या स्कूटर शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि दुकानदारांच्या घरच्या असतात.

दहावीनंतर मुलाचा दिवस घर, कनिष्ठ महाविद्यालय आणि शिकवणी यांत वाटला जातो. शहर बससेवा ही तीन ठिकाणे वेळेवर जोडीत नाही. रिक्षाचे रोजचे भाडे पगारदाराला झेपत नाही. मग घरातील स्कूटर हीच सर्वांत स्वस्त वाहतूक ठरते. सार्वजनिक वाहतुकीवर न केलेला खर्च अखेर कुटुंबाच्या माथी धोक्याच्या रूपाने येतो. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकेच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने या वयाचा विचार केलाच नव्हता, असे नाही. ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालविण्याची मुभा त्यात आहे. तेव्हा १९७२ साली आलेली लूना रस्तोरस्ती दिसत असे. वजन हलके, वेग बेताचा. पेट्रोल संपले तर पायडल मारीत घर गाठावे. पुढे बाजाराने ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटरना पसंती दिली व ५० सीसीची पेट्रोलवरील गाडी दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाली. कायद्यातील पायरी कागदावर राहिली, जिन्यातून मात्र निखळली. ताशी २५ किलोमीटरच्या आतील, अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीच्या विजेच्या गाड्यांना परवाना लागत नाही हे खरे. पण त्यामुळे त्यांच्या चालकाला नियम शिकविण्याची संधीही शासनाने गमावली आहे.

याहून मोठी उणीव शिक्षणाची. मोटार शिकविणाऱ्या शाळांना केंद्रीय नियमांनी किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालविण्याच्या १० तासांचा अभ्यासक्रम घालून दिला आहे. (तो कितपत पाळला जातो, हा प्रश्न निराळा.) दुचाकी शिकविणारी शाळा मात्र शोधूनही क्वचितच सापडते. मुलगा रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर चुलतभावाकडून शिकतो, मुलगी सोसायटीच्या आवारात वडिलांकडून. त्यांच्या खोडीही तेथेच उचलल्या जातात. अठरा पूर्ण होताच शिकाऊ परवाना काढायचा, ज्याची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. तीस दिवस थांबायचे, परिवहन कार्यालयाच्या मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढायचा, की पक्का परवाना हाती. चाचणी तोल पाहते. वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूने घुसू नये, हे उमेदवाराला ठाऊक आहे की नाही, हे पाहत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

शासनाचे उत्तर शिक्षेचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहनाचा अपराध केल्यास पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मालकाला जबाबदार धरणे योग्यच. पण ज्याला नोकरीसाठी वाहन लागणार, त्याला इतकी वर्षे परवाना नाकारल्याने तो पायी चालू लागेल, ही अपेक्षा भाबडी आहे. तो परवान्याविना चालवीत राहील.

सोळा ते अठरा या वयासाठी वेगाची मर्यादा असलेली, क्रमांकपट्टी लावलेली विजेची दुचाकी आणि तिच्यासाठी सक्तीचे प्रशिक्षण, अशी निखळलेली पायरी पुन्हा बसविता येईल. कनिष्ठ महाविद्यालयांची मैदाने सुट्टीच्या दिवशी रिकामीच असतात. खर्चाची सबब येथे लंगडी आहे. स्कूटरसाठी लाखाच्या आसपास मोजणारे कुटुंब दहा तासांच्या शिकवणीसाठी थोडे पैसे देणार नाही, असे मानण्यास आधार नाही. आज ती शिकवणी बाजारात विकतही मिळत नाही.