थंडीआधी फायरप्लेसभोवतीचे पीव्हीसी आणि प्लायवूड उतरवा

महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळ्यात ज्यांचे बंगले आहेत, जे ते होमस्टे म्हणून चालवतात आणि जे सुतार-कंत्राटदार त्यांच्या नूतनीकरणाची कामे घेतात, त्या सगळ्यांना ही तातडीची विनंती आहे. वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसल्याची बातमी आली की पाहुण्यांना फायरप्लेस पेटलेली हवी असते. ती पेटवण्याआधी तिच्या तोंडाभोवती नेमके काय लावले आहे, ते आजच बघा.

जुन्या बंगल्यांतली फायरप्लेस जाड दगडी भिंतीत असायची आणि वर चुन्याचा गिलावा. त्यात जळण्यासारखे फारसे काही नव्हते. आता त्याच भिंतीवर पीव्हीसीचे लुव्हर, संगमरवराच्या नकलेची चकचकीत शीट, विनियर, वॉलपेपर चढतो आहे. फोटोत हे झकास दिसते, बुकिंगही मिळते. पण पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि जळू लागले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळे उघडवत नाहीत, घसा आवळतो. अनोळखी घरात झोपेतून उठलेल्या पाहुण्याला अशा धुरात दार सापडणे कठीण.

प्लायवूडचा धोका याहून कपटी आहे. लाकूड पेट घ्यायला एरवी २५० ते ३०० अंशांच्या आसपास तापमान लागते, त्यामुळे सुतार बिनधास्त असतो. मात्र तेच लाकूड त्याहून बऱ्याच कमी उष्णतेत हंगामामागून हंगाम शेकत राहिले, तर आतून हळूहळू कोळसत जाते आणि पुढे कमी तापमानालाही पेटू शकते. म्हणून ‘तीन हिवाळे पेटवतोय, काही झालं नाही’ या वाक्याला काडीचा अर्थ नाही. उलट, ज्या लाकडाने तीन हिवाळे सोसले त्याचीच काळजी जास्त.

‘पण वरून टाइल लावली आहे ना!’ हे दुसरे नेहमीचे उत्तर. टाइल जळत नाही हे खरे, पण उष्णता अडवतही नाही. ती मागे पाठवते, आणि मागे प्लाय असेल तर तो टाइलआड शेकत बसतो, कुणाला दिसतही नाही. त्यामुळे कंत्राटदाराला टाइलचा रंग विचारण्याआधी तिच्यामागे काय आहे ते विचारा. जिप्सम बोर्डावरही विसंबू नका. आग लागल्यावर तो काही वेळ तग धरतो, पण ५० अंशांच्या वर रोज तापत राहिला तर त्यातले पाणी उडून जाते आणि तो भुसभुशीत होतो.

अंतर किती ठेवायचे? अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत विटा-दगडाच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड किंवा दुसरे जळाऊ काही लावायला मनाई आहे. १२ इंचांच्या आत असेल तर ते तोंडापासूनच्या दर इंच अंतरामागे अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे यायला नको. म्हणजे आठ इंचांवरची पट्टी जेमतेम एक इंच बाहेर येऊ शकते. तिथे रुंद लाकडी फळी बसवून तिच्यावर टीव्ही टांगणे विसरा. माझे सांगणे सरळ आहे: चारही बाजूंना १२ इंच तरी जळाऊ काही नको, आणि फळी त्याहूनही वर. लोखंडी स्टोव्ह असेल तर उत्पादकाने लिहून दिलेले अंतर पाळा. ते बरेच जास्त असते. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर हे दुप्पट मनावर घ्यावे, कारण तिथल्या बहुतेक घरांच्या भिंतींचा सांगाडाच लाकडी असतो.

मग लावायचे काय? आपल्याकडे पर्याय भरपूर आहेत आणि स्वस्तही. वीट, जांभा, काळा दगड, शहाबादी, चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा. टाइल हवीच असेल तर पक्क्या वीटभिंतीवर, सिमेंटच्या आणि उष्णतेला चालणाऱ्या चिकट मसाल्याने. डब्यातला तयार पांढरा गोंद नको. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये राळ असते, ती तापून डागाळते; त्यापेक्षा खरा दगड बरा. नदीतले गोटे मात्र आगीच्या अगदी जवळ नकोत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. ऑइलपेंट आणि वॉलपेपर लांबच ठेवा. विक्रेता ‘हीटप्रूफ’ म्हणाला तर किती अंशांपर्यंत, ते बिलावर लिहून मागा. लिहीत नसेल तर माल घेऊ नका.

शहरातल्या फ्लॅटमध्ये बायोइथेनॉलची किंवा विजेची फायरप्लेस बसवणाऱ्यांनीही यातून अंग काढू नये. पहिलीची ज्योत खरीखुरी असते आणि दुसरीच्या हीटरमधून गरम हवा थेट वरच्या पॅनेलवर येते.

भिंतीत काय आहे हे कळेपर्यंत फायरप्लेस बंद ठेवा. पाहुणे नाराज झाले तरी चालेल, त्यांना जादा रजया द्या; बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कदापि नको, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. आणि उतरवलेले पीव्हीसी अंगणात पेटवून मोकळे होऊ नका. तोच विषारी धूर तिथेही निघेल. ते भंगारवाल्याकडे किंवा नगरपालिकेच्या कचरागाडीत द्या.